बँकेच्या फॉर्ममध्ये 'हवामानाची संधी' काय लिहायची?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं टोमॅटो प्युरीचं छोटं युनिट आहे, माल आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतो. लोनसाठी बँकेने एक जास्तीचा फॉर्म दिलाय, त्यात हवामान बदलामुळे धंद्याला असलेले धोके आणि संधी असे दोन रकाने आहेत. धोके समजू शकतो, पण संधी कसली डोंबलाची?

उत्तर : कंपन्यांनी हवामानाचे धोके कसे जाहीर करावेत यावर टीसीएफडी नावाच्या जागतिक गटाने २०१७ मध्ये ज्या शिफारशी केल्या, हे दोन रकाने मुळात त्यातले, पुढे २०२३ मध्ये त्यावरच बेतलेलं आयएफआरएस एस२ हे अशाच माहितीचं जागतिक स्टँडर्ड आलं आणि आता झिरपत झिरपत तुमच्यापर्यंत पोचलंय. बँकेला एवढंच बघायचंय की माल अडकला तर तुम्ही हप्ते कसे भरणार. त्यामुळे "तापमान वाढत आहे" वगैरे निबंध लिहू नका, कोणी वाचत नाही.

तुमच्याच मालाचं लिहा. टोमॅटो फुलावर असताना दिवसाचा पारा ३२-३५ च्या पुढे आणि रात्रीही गारवा नाही, असं झालं की परागकण नीट काम करत नाहीत, फूल गळतं. फळ धरलं तरी ३० च्या वर लायकोपीन कमी तयार होतं, म्हणजे रंग लालऐवजी पिवळट-नारिंगी, आणि प्युरीला गिऱ्हाईक रंग बघूनच भाव देतं. त्यात हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडला की धो धो पडतो, ऐन तोडणीत पडला तर फळं तडकतात आणि ब्रिक्स, म्हणजे रसातलं साखर वगैरे विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, उतरतो. ब्रिक्स उतरला म्हणजे तेवढ्याच प्युरीसाठी जास्त पाणी आटवायचं, जास्त इंधन जाळायचं. हा खर्च बहुतेक जण हवामानाच्या खात्यात धरतच नाहीत! तुम्ही बॅचवार ब्रिक्स आणि इंधनाची नोंद ठेवत असाल तर तीच जोडा, बँकेला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आता संधी, ती याच यादीच्या पोटात आहे. सगळा माल एकाच पट्ट्यातला आणि एकाच आठवड्यात लावलेला असेल तर लागवड टप्प्याटप्प्याने करून घ्या, थोडा माल वेगळ्या हवामानाच्या भागातून बांधा. ॲसेप्टिक, म्हणजे निर्जंतुक, पॅकिंग असेल तर भरघोस हंगामातली प्युरी ठेवून टंचाईत विकता येते, ताजा माल विकणाऱ्याला ते जमत नाही. इव्हॅपोरेटरची, म्हणजे रस आटवायच्या यंत्राची, वाफ थंड होऊन जे पाणी निघतं ते धुण्याला वापरा, साल-बियांचा चोथा पशुखाद्याला नाहीतर बायोगॅसला द्या. मला विचाराल तर पहिला पैसा इंधन बचतीत घाला, कारण पाऊस कसाही पडो, ती बचत होतेच.

प्रश्न : आम्ही भात घेतो. एक एजंट कार्बन क्रेडिटचा करार घेऊन आलाय, सही करू का?

उत्तर : घाई नको. कार्बन क्रेडिट म्हणजे हवा तापवणारे वायू कमी केल्याचं किंवा साठवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. ते कशाचं, हे आधी विचारा. जमिनीत कार्बन साठवायचं असेल तर तो साठा वर्षानुवर्षं टिकवायची अट येते, पुढे खोल नांगरट केली की बराचसा परत हवेत. याउलट भाताला आलटून पालटून पाणी दिलं, म्हणजे खाचर मधूनमधून वाळू दिलं, तर खाचरातून निघणारं मिथेन, हाही हवा तापवणारा वायू, बरंच कमी होतं आणि जे निघालंच नाही ते नंतर निघायचा प्रश्न नाही, शिवाय पाणी वाचतं ते वेगळंच. फक्त फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही. आणि खाचर वाळवताना नायट्रोजन खत जास्त पडलं असेल तर नायट्रस ऑक्साईड वाढतो, तो कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापवणारा, तेव्हा युरियाचा हात आखडता ठेवा.

मोजणीचा खर्च कोणाचा, क्रेडिट विकलंच गेलं नाही तर काय, आणि मधेच बाहेर पडलो तर दंड किती, ही तीन उत्तरं करारात लेखी नसतील तर सही करू नका.