ऑप्टोकपलर असूनही पीएलसीला खोटे पल्स येतात. जास्त सीएमआरचा ऑप्टो घेऊ का?

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, त्याच्याशेजारच्या एन्कोडर (शाफ्ट फिरला की पल्स देणारा सेन्सर) कार्डवर ६एन१३७ हा ऑप्टो, म्हणजे सिग्नल तारेऐवजी प्रकाशातून पलीकडे नेणारी चिप, असूनही पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) काउंट वाढतो, असं तुम्ही म्हणताय. जास्त सीएमआरचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ग्राउंडमधले झटके जास्त सोसणारा, महागडा ऑप्टो घ्या हवं तर, पण आधी बोर्ड उलटा करून बघा.

भोसरीत एका पॅकिंग मशीनवर मी याच्यापायी तीन रात्री काढल्यात. एन्कोडरचं कपलिंग सोडलं, शाफ्ट जागचा हलत नव्हता, तरी ड्राइव्हला रन दिला की आकडा पळायचा. कार्ड डिझाइन केलेले साहेब फोनवर एकच सांगायचे, "मध्ये ऑप्टो आहे ना? मग नॉइज येईलच कसा? तुमचं वायरिंग बघा." मी शील्डेड केबल दोनदा बदलली. ऑप्टोही बदलला.

ऑप्टो डीसी अडवतो, पण आतल्या एलईडी आणि डिटेक्टरमध्ये अर्धा-पाऊण पिकोफॅरड कपॅसिटन्स असतोच, आणि वेगाने बदलणारा व्होल्टेज त्यातून जातो. ड्राइव्हमधला आयजीबीटी (स्विच करणारा ट्रान्झिस्टर) १० किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदने स्विच झाला तर ०.६ पिकोफॅरडमधून ६ मिलिअँपिअर जातात. आतलं शील्ड त्यातले बरेचसे ग्राउंडला नेतं. पण बोर्डवरच्या कॉपरमुळे बाहेरून जो कपॅसिटन्स वाढतो, त्याचं काय? त्या कार्डवर आउटपुटचा ग्राउंड प्लेन ऑप्टोच्या पोटाखालून थेट एलईडीच्या पिन २-३ पर्यंत पसरलेला. ब्लेडने खरवडून काढला. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इंचभर लांब होता, तो पिन ८ आणि ५ वरच सोल्डर केला. एन्कोडर ओपन कलेक्टरचा, म्हणजे ऑफ असताना एलईडीचा एक पाय कुठेच न जोडलेला, नुसता लोंबकळत. तिला समांतर १ के टाकला. एकाच पायाला असलेला २.२ के काढून दोन्ही पायांना एकेक १ के लावला, म्हणजे दोन्ही पाय सारखेच उसळतात आणि एलईडीवर फरक पडत नाही. रात्री अडीचला रन दिला, आकडा जागेवर.

साहेबांनी रिपोर्टमध्ये 'वायरिंग दुरुस्त केले' लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. डेटाशीटमधला सीएमआर त्यांच्या टेस्ट सर्किटवर मोजलेला असतो, तुमच्या लेआउटवर नाही, हे डिझाइन करणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

हो, एन्कोडर आणि पीएलसीचा २४ व्होल्ट एकाच एसएमपीएसवरून (पॉवर सप्लायवरून) असेल तर आयसोलेशनच नाही, ते सगळ्याच्या आधी बघा. आणि स्कोपवर स्पाइक दिसला तर प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा. तरीही दिसला तर तो प्रोबचा. तुम्हालाही कोणी 'वायरिंग' म्हणालं, तर कार्डच्या खालच्या बाजूचा फोटो काढून पाठवा त्यांना.