सील की सी लायन? आधी चाल पाहा

सील आणि सी लायन हे एकमेकांसारखे दिसणारे समुद्री सस्तन प्राणी. ते ओळखताना नवख्या निरीक्षकाची नजर पहिल्यांदा कानाकडे जाते. सी लायनला बाहेर आलेली छोटी, गुंडाळल्यासारखी कानपाळी असते. खऱ्या सीलला डोळ्यामागे नुसतं छिद्र. खूण पक्की आहे, पण ओल्या अंगावर कानपाळी डोक्याला चिकटते आणि लांबून दिसतच नाही. म्हणून प्राणी किनाऱ्यावर असेल तर तो हलेपर्यंत थांबा. सी लायन मागचे वल्ह्यासारखे पाय पोटाखाली वळवतो, पुढच्यांवर छाती उचलतो आणि चक्क चारही पायांवर चालतो. सीलचे मागचे पाय पुढे वळतच नाहीत, त्यामुळे तो अळीसारखा पोटावर सरपटतो.

पुढचे पायही बघा: सी लायनचे लांब, बिनकेसांचे, कातड्यासारखे, सीलचे आखूड, केसाळ, नखं स्पष्ट.

पाण्यात असेल तर पोहण्याची पद्धत पाहायची. सी लायन पुढच्या पायांनी पंख मारल्यासारखा पोहतो, सील मागचे पाय डावी-उजवीकडे हलवून. नुसतं डोकं वर दिसत असेल तर मात्र घाईने नाव ठरवू नका. कर्कश भुंकणं ऐकू आलं तर बहुधा सी लायनच.

सगळ्यात जास्त फसवतं ते नाव. फर सील हा सी लायनच्याच कुळातला, कानपाळी असलेला आणि चालणारा. एलिफंट सील कितीही अवाढव्य असला तरी खरा सीलच. आकारावरून कधीच ठरवू नका.

हे सगळं दुर्बिणीतून, लांबून करा. प्राण्यांनी माना वर करून तुमच्याकडे पाहिलं, की लगेच हळूहळू मागे सरा.