गोलपोस्ट सोडून पुढे आलेला यान कोलर

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा असून त्याची उंची आताच सहा फुटांच्या घरात गेली आहे. शाळेच्या संघात त्याला नेहमी गोलरक्षक म्हणूनच उभे करतात. त्याला मात्र पुढे खेळून गोल करायचे आहेत. चेक देशाचा एक खूप उंच खेळाडू आधी गोलरक्षक होता आणि पुढे आघाडीपटू झाला, असे त्याने ऐकले आहे. यात तथ्य आहे का? – एक पालक, चाळीसगाव

उत्तर : तथ्य आहे, आणि तो खेळाडू म्हणजे यान कोलर. ३० मार्च १९७३ रोजी प्रागमध्ये जन्मलेल्या कोलरची उंची २.०२ मीटर, म्हणजे आपल्या मोजमापाने साडेसहा फुटांहून थोडी अधिकच. लहानपणी त्याने गोलरक्षणाचेच धडे घेतले होते. ‘पोऱ्या उंच शे, त्याले गोलमा उभा करा’ हा न्याय फक्त आपल्याकडेच लावतात असे नाही, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

आघाडीवर आल्यानंतरही त्याची वाट सरळ नव्हती. प्रागच्या स्पार्टा या मोठ्या क्लबात तो फारसा चमकला नाही आणि १९९६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेल्जियममधील लोकेरेन या तुलनेने लहान क्लबात गेला. तेथे मात्र १९९८–९९ च्या हंगामात २४ गोल करून तो बेल्जियमच्या लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर आंडरलेख्ट क्लबाबरोबर त्याने लागोपाठ दोनदा लीगचे विजेतेपद मिळवले आणि २००० सालचा ‘गोल्डन शू’ हा बेल्जियममधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे आला. देशाच्या संघातून तो पहिला सामना खेळला ९ फेब्रुवारी १९९९ रोजी, तोही बेल्जियमविरुद्धच, आणि त्यात त्याने गोल केला. त्या वेळी त्याला सव्वीस पूर्ण व्हायला जेमतेम दीड महिना उरला होता. चौदाव्या वर्षी मुलाची जागा कायमची ठरवून टाकणाऱ्यांनी ही वये नजरेखालून घालावीत, असे मला वाटते.

आता गोलरक्षणाची ती विद्या वाया गेली का? मुळीच नाही. कोलर २००१ मध्ये जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेला आणि पहिल्याच हंगामात त्या संघाने बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली. त्यानंतर ९ नोव्हेंबर २००२ रोजी म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध सामना होता. पहिला गोल कोलरनेच केला. पुढे बायर्नने २–१ अशी आघाडी घेतली आणि उत्तरार्धात डॉर्टमुंडचा गोलरक्षक येन्स लेमान याला मैदानाबाहेर काढण्यात आले. तेव्हा गोलरक्षकाचा अंगरखा आणि हातमोजे चढवून कोलर गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत बायर्नसारख्या संघाला त्याने एकही गोल करू दिला नाही. सामना डॉर्टमुंडने गमावला, तरी ‘किकर’ या जर्मन नियतकालिकाने त्या आठवड्याच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड केली, तीही गोलरक्षक म्हणून. आघाडीपटूच्या वाट्याला असा मान क्वचितच आला असेल.

तरीही एक गोष्ट आपल्या मुलाला आवर्जून सांगावी. कोलर केवळ उंचीवर गोल करत असे, ही समजूत अपुरी आहे. गोलसमोर आलेल्या उंच पासवर तो हेडर मारत असे हे खरेच. परंतु पाठीवर बचावपटू रेटत असताना लांबून आलेला चेंडू छातीवर झेलून, तो जमिनीवर आणून, मागून धावत येणाऱ्या सहकाऱ्याच्या पायाशी देणे हे त्याचे खरे काम होते. ते उंचीने साधत नाही, सरावाने साधते. मुलाला पुढे खेळायचे असेल, तर भिंतीवर चेंडू मारून परत येणारा चेंडू छातीवर आणि मांडीवर थांबवण्याचा सराव आजपासून सुरू करावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो सकाळी सातच्या आत आटोपलेला बरा.

प्रश्न : ९१ सामन्यांत ५५ गोल करूनही कोलरला देशासाठी मोठा चषक का मिळाला नाही? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : दोन दिवस आडवे आले. पहिला १ जुलै २००४, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना. नेदवेद, पोबोर्स्की, रोसिस्की, बारोश आणि कोलर असा तो संघ होता आणि कारेल ब्रुकनर प्रशिक्षक होते. साखळीत नेदरलँड्सविरुद्ध ०–२ असे मागे पडल्यावर कोलरच्या गोलने पुनरागमनाची सुरुवात झाली आणि सामना ३–२ असा जिंकला गेला. माझ्या मते त्या स्पर्धेतील तो सर्वांत देखणा सामना होता. उपांत्य फेरीत ग्रीसविरुद्ध नेदवेद पूर्वार्धातच जायबंदी झाला आणि सामना गोलशून्य बरोबरीत राहून जादा वेळेत गेला. त्या काळी ‘सिल्व्हर गोल’चा नियम होता : जादा वेळेच्या पहिल्या भागाअखेर जो संघ पुढे असेल, तो तेथेच विजयी. ग्रीसच्या डेलासने हेडर मारला तो नेमका त्या भागाच्या अगदी शेवटच्या क्षणी, त्यामुळे चेक संघाला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. हा नियम पुढे रद्द झाला, पण चेक संघाच्या दृष्टीने ते वरातीमागून घोडे होते.

दुसरा दिवस १२ जून २००६, विश्वचषकातील अमेरिकेविरुद्धचा सामना. आदल्या सप्टेंबरात गुडघ्याचा स्नायुबंध फाटल्यामुळे कोलरचा जवळजवळ अख्खा हंगाम बुडाला होता. त्यातून सावरून तो आला आणि पाचव्याच मिनिटाला त्याने हेडरने गोल केला. परंतु मध्यंतरापूर्वीच मांडीमागचा स्नायू दुखावल्याने त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. तो सामना चेक संघाने ३–० असा जिंकला. पुढचे दोन्ही सामने, घानाविरुद्धचा आणि इटलीविरुद्धचा, कोलरविना ०–२ असे गेले आणि संघ साखळीतच गारद झाला.

प्रश्न : देशासाठी सर्वाधिक गोल करण्याच्या कोलरच्या विक्रमात चेकोस्लोव्हाकियाच्या काळातील खेळाडू धरले आहेत का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : धरले तरी कोलरच पुढे राहतो. १ जानेवारी १९९३ रोजी देशाची फाळणी झाली. त्यापूर्वीचे विक्रमवीर आंतोनिन पुच, ज्यांनी १९३४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध गोल केला होता, त्यांचे आंतरराष्ट्रीय गोल चाळिशीपर्यंतही पोहोचले नव्हते. कोलरचे सर्व ५५ गोल फाळणीनंतरच्या चेक संघासाठीच आहेत.