लान्सर इव्होल्यूशन कशासाठी?

प्रश्न : आमच्या घरी बरीच वर्षे लान्सर होती. दिसायला तशीच, पण मागे मोठा पंख लावलेली, टर्बो आणि ऑल व्हील ड्राइव्ह असलेली ‘लान्सर इव्होल्यूशन’ मित्सुबिशीने कशासाठी काढली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ही गाडी स्पर्धेच्या नियमातून जन्माला आली. १९८६च्या हंगामानंतर ‘ग्रुप बी’च्या धोकादायक गाड्या जागतिक रॅलीतून बाद झाल्या आणि ‘ग्रुप ए’ हा मुख्य वर्ग ठरला. त्यात उतरायचे, तर त्याच घडणीच्या हजारो गाड्या तयार करणे कंपनीला भाग होते. मित्सुबिशी तेव्हा रॅलीत आपली गॅलंट ही मोठी गाडी पळवत असे. तिचेच दोन लिटरचे टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारे) इंजिन आणि ऑल व्हील ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना चालना देणारी, यंत्रणा आकाराने लहान असलेल्या लान्सरमध्ये बसवून १९९२ साली पहिली इव्होल्यूशन आली.

खरी गंमत पुढे आहे. १९९७पासून ‘वर्ल्ड रॅली कार’ या नव्या वर्गामुळे ही अट सैल झाली. सुबारू आणि फोर्ड तिकडे वळल्या. मित्सुबिशी मात्र २००१पर्यंत ग्रुप एमध्येच राहिली, आणि फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार विजेतेपदे याच गाडीतून मिळवली. रॅलीत इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवर ३४ मिलिमीटर व्यासाचे बंधन असल्याने ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास राहत असे, तर जपानी कंपन्यांच्या आपसातील समझोत्यामुळे रस्त्यावरच्या गाडीचा जाहीर आकडा २८० असे. ताकदीच्या बाबतीत दोघींत इतके थोडे अंतर असणे मला या गाडीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. पंख त्यापुढे गौण आहे.

१९९६च्या चौथ्या आवृत्तीपासून मागच्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही बाजूंच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात) अशी यंत्रणा आली, की वळणावर बाहेरच्या चाकाकडे अधिक जोर वळवता येई. त्यामुळे गाडीचे नाक वळणाबाहेर न जाता आत वळे.

आपल्याकडे १९९८पासून हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर येथे बनवलेल्या लान्सरचे सुरुवातीचे पेट्रोल इंजिन दीड लिटरचे, बिनटर्बोचे होते आणि चालना फक्त पुढच्या चाकांना होती. त्यामुळे तिला टर्बो जोडून इव्होल्यूशन करण्याचा बेत कोणी सुचवलाच, तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, ब्रेक आणि सस्पेन्शन हे सारेच बदलावे लागेल, हे आधी हिशेबात धरावे.