वाचकांचे प्रश्न: तक्रारी एआय मॉडेलने लिहिल्यात, तपासायच्या कशा?

प्रश्न: नमस्कार दादा, मी ऐरोलीला एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी तक्रार नोंदवायचा मराठी बॉट बनवतोय. खऱ्या तक्रारी मिळाल्या जेमतेम 300, मग त्याच एका एआय मॉडेलला (चॅटजीपीटीसारख्या) नमुना म्हणून दिल्या आणि 10,000 तक्रारी लिहून घेतल्या, पाणी, लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स अशी लेबलंपण मॉडेलनेच लावली. त्यावर बॉट ट्रेन केला आणि त्या 300 खऱ्या तक्रारींवर चालवून बघितला तर 94 टक्के बरोबर आला. सर खूश आहेत, मला मात्र वाचताना काहीतरी खटकतंय पण नेमकं सांगता येत नाहीये. सोबत 20 तक्रारी पाठवतेय. हा डेटा चांगला की वाईट, ठरवायचं कसं?

उत्तर: ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच खटकतंय. आधी त्या 94 चं बघू. ज्या 300 तक्रारी दाखवून मॉडेलकडून लिहून घेतलं त्याच 300 वर परीक्षा घेतलीत, म्हणजे पेपर आधीच फुटलेला होता. तो आकडा सरांना आजच सांगून बाजूला ठेवा. अजून शंभर-दोनशे खऱ्या तक्रारी कुठूनही मिळवा, दोन सोसायट्यांचे मॅनेजर ओळखीचे असतील तरी जमेल, आणि त्या मॉडेलला कधीच दाखवू नका, ट्रेनिंगमध्येही घालू नका. मग मॉडेलच्या डेटावर शिकलेला बॉट आणि नुसत्या त्या 300 वर शिकलेला बॉट, दोघांना या नव्या तक्रारींवर चालवा. 10,000 वाला पुढे गेला नाही तर त्या डेटाचा उपयोग झाला नाही, मग वाचायला तो कितीही छान वाटो.

आता तुमच्या 20 तक्रारी, मी दोनदा वाचल्या. 13 तर 'कृपया' ने सुरू होतात. एकात आहे 'माझ्या फ्लॅटची छत गळत आहे', अहो मराठीत छत गळतं, ती छत हिंदीतून आलीये. एकात ठाण्याचा रहिवासी मोरबे धरणात साठा कमी म्हणून पाणी येत नाही असं लिहितोय, आणि मोरबे धरण तर नवी मुंबई महापालिकेचं. वाक्य अगदी स्वच्छ पण माहिती चुकीची, आणि नुसतं भाषेकडे बघणारा माणूस हे पास करून टाकतो.

खरा माणूस कसं लिहितो? 'बी विंगला सकाळपासून पाणी नाहीये वॉचमन म्हणतो टँकर येतोय 11 वाजले अजून पत्ता नाही आणि मागच्या टँकरचे पैसे आमच्या मेंटेनन्समध्ये का लावले ते पण सांगा'. आता ही पाण्याची तक्रार की मेंटेनन्सची? तुमच्या 20 मध्ये अशी एकही नाही, प्रत्येकात एकच गोष्ट आणि लेबल लगेच कळेल अशी. बॉट घसरणार तो नेमका अशा मधल्या तक्रारींवर, आणि मॉडेल त्या आपणहून लिहीत नाही. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधल्या ट्रान्सफरच्या, एनओसीच्या कटकटीही कुठे दिसल्या नाहीत. म्हणून वाचताना जे आहे ते तपासाच, पण काय नाहीये त्याची यादी वेगळी करा, मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते.

हाताने वाचण्याला पर्याय नाही. 2022 मध्ये सेल्फ-इन्स्ट्रक्ट नावाचं संशोधन झालं, त्यात माणसांनी लिहिलेल्या 175 कामांवरून जीपीटी-3 या मॉडेलकडून 52 हजार सूचना, म्हणजे मॉडेलला सांगायची कामं, आणि त्यांची उत्तरं बनवून घेतली. त्यातल्या 200 माणसाने तपासल्या तर सूचना म्हणून 92 टक्के ठीक होत्या, पण त्यांची उत्तरं बरोबर निघाली फक्त 58 टक्के. तुमच्याकडेही तसंच असू शकतं, तक्रार ठीक आणि लेबल चुकलेलं. तर 10,000 मधून कुठल्याही 200 उचला, लेबलं झाकून दोघांना वेगवेगळी लावायला सांगा आणि मग मॉडेलच्या लेबलांशी जुळवा. इथे नुसती टक्केवारी बघू नका, निम्म्याहून जास्त तक्रारी पाण्याच्या असल्या तर सगळीकडे डोळे मिटून 'पाणी' लिहिणाऱ्याचंही बरंच जुळतं. योगायोगाने जुळलेलं वजा करणारं माप आहे, कोहेनचा कापा (Cohen's kappa), 1960 पासूनचं, ते वापरा.

सारख्या तक्रारी काढायच्या असतील तर त्याच सेल्फ-इन्स्ट्रक्टमध्ये नवी सूचना आधीच्या एखादीशी शब्दांच्या मोजणीत 0.7 किंवा जास्त (1 म्हणजे हुबेहूब) जुळली की टाकून द्यायचे. मराठीत शब्दांवर हे मोजलं की फसतं, कारण पाणी, पाण्याची, पाण्यासाठी हे मशीनला तीन वेगळे शब्द दिसतात आणि जवळजवळ तीच तक्रार नवी म्हणून आत येते. अक्षरांच्या तुकड्यांवर मोजा. 'नळाला पाणी नाही' आणि 'पुरवठा खंडित झाला' ही जोडी मात्र त्यातूनही सुटेल, तिच्यासाठी एम्बेडिंग, म्हणजे वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडून ताडून बघायची पद्धत, लावावं लागेल.

अजून एक, खऱ्या 300 मध्ये नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर असणारच. ते मॉडेलच्या तक्रारींत जसेच्या तसे उतरलेत का ते शोधा, सापडले तर तो डेटा पुढे कुणालाही देऊ नका.

प्रश्न: मी कोपरीला राहतो. आमच्या टीमने मॉडेलने लिहिलेल्या डेटाला दुसऱ्या मॉडेलकडून दहापैकी मार्क द्यायला लावले, सरासरी 9 आली. एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. 2023 मध्ये मॉडेलला परीक्षक करण्यावर एक अभ्यास झाला. जीपीटी-4 या मॉडेलचं मत माणसांच्या मताशी 80 टक्क्यांहून जास्त वेळा जुळलं, पण त्यातच हेही दिसलं की दोन उत्तरांतून निवडताना असा परीक्षक जागेवरून भुलतो, बरेचदा पहिलं उत्तर उचलतो, लांबलचक उत्तराला झुकतं माप देतो, आणि स्वतःच्या लिखाणाकडेही कल असू शकतो. मराठीत माझा अनुभव असा की 'कृपया सहकार्य करावे' छापाच्या पुस्तकी वाक्याला मार्क जास्त मिळतात आणि बोलीतलं वाक्य कापलं जातं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. परीक्षक ठेवा, पण आधी 100 नोंदींना तुम्ही स्वतः मार्क द्या, त्याचे बघायच्या आधी, आणि कुठे जुळत नाही ते एकेक उघडून वाचा. दोन उत्तरांत निवड असेल तर क्रम उलटा करून परत विचारा, मत बदललं तर ती नोंद माणसाकडे जाऊ दे.