किरल उत्प्रेरकाच्या आकाराचा अभ्यास करताना सर्वांत कमी ऊर्जेची एकच रचना पुरते का?

बायनॉल या दोन नॅफ्थिल वलये जोडलेल्या रेणूपासून केलेल्या किरल (आरशातील प्रतिमेशी न जुळणाऱ्या) फॉस्फोरिक आम्लाची एक रचना आपण डीएफटीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम पद्धतीने) काढली आहे आणि तिच्यावरून उत्पादनाच्या एनॅन्शिओमरांच्या, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांच्या, प्रमाणाचे स्पष्टीकरण देता येईल का, असे विचारले आहे. माझ्या मते तेवढ्यावर भागणार नाही.

या रेणूतील दोन नॅफ्थिल वलयांना जोडणारा अक्ष सामान्य तापमानाला फिरत नाही, त्यामुळे सगळा रेणूच ताठ असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ३ आणि ३′ या स्थानांवरील अरिल (बेंझिनसारख्या वलयाचे) गट आणि त्यांच्यावरचे आयसोप्रोपिलसारखे गट बऱ्यापैकी वळतात, आणि अभिक्रियेची पोकळी नेमकी त्यांच्यामुळेच घडते. म्हणून आधी कॉन्फॉर्मरांचा, म्हणजे बंध न तुटता नुसते वळून रेणू घेऊ शकतो त्या आकारांचा, पूर्ण संच शोधावा. बॉनच्या ग्रिमे यांच्या गटाने तयार केलेला क्रेस्ट हा प्रोग्रॅम त्यासाठी सोयीचा आहे: जीएफएन२-एक्सटीबी ही स्वस्त क्वांटम पद्धत वापरून तो मेटाडायनॅमिक्सने रेणूला आधी भेट दिलेल्या रचनांपासून दूर ढकलत नेतो. त्यातील ऊर्जांवर मात्र विसंबू नये. निवडक रचना विक्षेपण-दुरुस्तीसह (अणूंमधील दुबळ्या आकर्षणाचा हिशेब धरून) डीएफटीने पुन्हा इष्टतम कराव्यात.

तरीही हा मोकळ्या उत्प्रेरकाचा आकार झाला. कॉन्फॉर्मर अभिक्रियेपेक्षा बरेच वेगाने एकमेकांत बदलत असतील, तर कर्टिन-हॅमेट तत्त्वानुसार निकाल त्यांच्या प्रमाणावर नव्हे, तर स्पर्धक संक्रमण अवस्थांच्या (अभिक्रियेच्या वाटेवरील सर्वांत जास्त ऊर्जेच्या रचनांच्या) मुक्त ऊर्जांमधील फरकावर ठरतो (घाई बहुतेकदा इथेच नडते). २५ अंश सेल्सिअसला १.३६ किलोकॅलरी प्रति मोल एवढा फरक म्हणजे १०:१ हे प्रमाण, म्हणजे सुमारे ८२ टक्के एनॅन्शिओमेरिक आधिक्य (दोन रूपांच्या टक्केवारीतील फरक). २ किलोकॅलरींना ते ९३ टक्क्यांवर जाते. डीएफटीची निरपेक्ष चूक याहून मोठी असू शकते. दोन्ही संक्रमण अवस्था एकमेकींसारख्या असल्याने ती बरीचशी परस्पर कटते, एवढाच दिलासा. पण एका बाजूचा एखादा महत्त्वाचा कॉन्फॉर्मर निसटला, तर ती चूक कटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचा शोध सारख्याच कसोशीने घ्यावा.

स्टेरिमोल (गटाची लांबी-रुंदी) किंवा व्यापलेल्या आकारमानाची टक्केवारी यांसारखी मापे अनेक उत्प्रेरकांची तुलना करताना उपयोगी पडतात. रसायनशास्त्रज्ञ स्कॉट डेनमार्क यांच्या गटाने २०१९ मध्ये अशाच फॉस्फोरिक आम्लांसाठी जाळीतील प्रत्येक बिंदू किती कॉन्फॉर्मरांत अणूंनी व्यापलेला असतो याची सरासरी वापरली, आणि ती कल्पना मला फार आवडते. मात्र तिच्यातून भाकीत काढायला अनेक उत्प्रेरकांची प्रायोगिक मोजमापे हाताशी लागतात. आपल्याकडे एकच उत्प्रेरक असल्यास संगणकाचा वेळ संक्रमण अवस्थांवरच खर्च करावा.