आजोबा आझाद हिंद सेनेत होते म्हणून आंब्याच्या कलमांत हिस्सा नाही?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबा पलटणीत होते, सिंगापूर पडल्यावर जपान्यांचे कैदी झाले, मग आझाद हिंद सेनेत गेले. १९४६ ला घरी आले ते 'बरतरफ' शेऱ्याचा कागद घेऊन, १९७१ ला वारले. आता वडिलांच्या पश्चात ताईंनी वाटणीचं नाव काढल्यावर चुलतकाका म्हणतात, तुझा आजा शत्रूला फितूर झालेला, अशांची जमीन सरकारजमा व्हायची, ती आमच्या बापाने वाचवली, तेव्हा हक्कसोडवर, म्हणजे हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही कर.

ताई, आधी एक, सही करू नका. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' म्हणून कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला तरी नाही.

आता तो देशद्रोह. आपल्या दंडसंहितेत गुन्हा होता तो कलम १२१, राजाविरुद्ध युद्ध करणं. लाल किल्ल्यातल्या लष्करी खटल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांच्यावर हेच कलम लावलेलं. त्यांचे वकील भुलाभाई देसाईंनी जोर लावला की आझाद हिंद सरकार १९४३ ला स्थापन झालं, त्याने रीतसर युद्ध पुकारलं, मग त्याचे सैनिक गुन्हेगार कसे? कोर्टाने ते मानलं नाही, तिघं दोषी ठरले, जन्मठेप काळ्या पाण्याची. पण ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिन्लेकने जन्मठेप माफ केली, बडतर्फी आणि थकलेला पगार जप्त एवढंच ठेवलं. गंमत बघा, त्याच दिवशी लंडनमध्ये विल्यम जॉइसला फाशी झाली, जर्मन रेडिओवरून प्रचार करायचा तो, जन्म अमेरिकेतला, पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला होता म्हणून निष्ठा राजाशी, असं कोर्टाने धरलं. तिकडे फास आणि इकडे माफी, कारण इकडे लोक रस्त्यावर आले होते आणि सैन्यातली चुळबुळ साहेबाला दिसत होती. हे माझं मत, पण बऱ्याच जणांचं आहे.

म्हणजे तुमच्या आजोबांच्या कागदाचा अर्थ काय, तर नोकरी गेली. हजारो जण असेच खटला न चालता घरी पाठवले गेले, कोर्टासमोर उभे केले ते मोजकेच. बरतरफ म्हणजे शिक्षा झालेला गुन्हेगार नव्हे. काकांकडे निकालाची नक्कल असेल तर दाखवू देत की.

आणि समजा शिक्षा झाली असती, तरी? जुन्या कलम १२१ मध्ये मिळकत जप्त करायची तरतूद होती हे खरं, काकांनी कुठूनतरी तेवढंच ऐकलंय. ती १९२१ च्या दुरुस्तीने काढली आणि त्याजागी दंड आला, म्हणजे आजोबा मलायाला गेले त्याच्या वीस वर्षं आधी. नसलेल्या जप्तीतून जमीन 'वाचवली' कशी हे त्यांनाच विचारा 😄

वारसाचं म्हणाल तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५, ज्याची मिळकत घ्यायची त्याचाच खून केला तर वारसा जातो. फितुरीने जातो असं कुठेच नाही, उलट कलम २८ म्हणतं कायद्यात दिलेली कारणं सोडून दुसऱ्या कुठल्याच कारणाने वारस अपात्र नाही.

ग्रुपवर आजोबांना 'गद्दार' लिहितात त्याचं म्हणाल तर मयताची बदनामी घरच्यांना दुखवायला केली तर तो गुन्हा होतो, स्क्रीनशॉट ठेवा, पण आत्ता त्या मागे लागू नका. राग आजोबांवर नाहीये, डोळा आंब्याच्या कलमांवर आहे.

तुम्ही करायचं ते हे, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने सातबारे आणि सगळे फेरफार काढा, आजोबांचं नाव कधी आणि कुठल्या फेरफाराने कमी झालं ते बघा, आधीचं रजिस्टर वाटणीपत्र नाही ना याची खात्री करा. मग वाटपाचा दावा. हिस्सा नाकारल्याचं कळल्यापासून १२ वर्षं मुदत असते, तेव्हा काका हे पहिल्यांदा कधी बोलले ती तारीख आठवून लिहून ठेवा. आणि या सीझनचा आंबा वाशीच्या बाजारात कोणाच्या नावाने गेला, पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब) कोणाच्या नावाने आली तेही बघा, उत्पन्नाचा हिशोब मागताना लागेल.